ऑक्टोपसचा नववा पाय

काचेचा ऑक्टोपस आमच्या घरी आला तो जून महिन्यातल्या एका मंगळवारी, सामानाच्या होडीतून, दोन फ्रीज आणि कुणाच्या तरी कमोडच्या मधे बसून. पेटीवर लाल रंगात लिहिलं होतं : 'ओत्तोरीनो बुझेत्तो यांस. पेटी उलटी धरू नये. ओत्तोरीनोने तर अजिबात धरू नये.' अक्षर माझ्या मेहुण्याचं, गास्तोनेचं. एकोणीस वर्षांत त्याने मला पाठवलेला हा पहिला मजकूर.

आम्ही व्हेनिसची माणसं काच विकत घेत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. काच घेतात ते पाहुणे. ते बिचारे चार पूल चुकून येतात आणि दुकानासमोर उभे राहून काचेच्या विदूषकांकडे, कागदात गुंडाळलेल्या काचेच्या गोळ्यांकडे आणि पाण्याच्या पिशवीतल्या काचेच्या मासोळीकडे बघत 'अहाहा' म्हणतात. आम्ही त्यांच्यामागून नाक मुरडत पुढे जातो. त्या पिशवीतल्या मासोळीपाशी माझी पावलं दरवेळी जराशी रेंगाळत, ही गोष्ट खरी. पण जमीन-नोंदणी कचेरीत सदतीस वर्षं काढलेल्या माणसाने असल्या आवडी चारचौघांत सांगायच्या नसतात.

बायको माझी समोरच्या मुरानो बेटावरची. लोरेदानाच्या माहेरी सात पिढ्या काच फुंकण्यात गेल्या. तुम्हाला वाटेल, त्या घरात पाऊल टाकायला जागा नसेल, इतकी काच असेल. मुरानोच्या माणसाच्या घरी काच शोधायला गेलात, तर ती खिडकीला सापडेल. दिवसभर भट्टीपुढे भाजून निघालेल्या माणसाला संध्याकाळी पुन्हा काचेचं तोंड बघायचं नसतं. अपवाद एकच : गोतो. भट्टीवरचा प्रत्येक कारागीर जेवणाच्या सुट्टीत, उरल्यासुरल्या रंगीत काचेतून, स्वतःपुरता एक पेला करतो. तो गोतो. त्यात त्याची सगळी दंगामस्ती असते, कारण तो गिऱ्हाइकासाठी नसतो. एकासारखा दुसरा कधी करत नाहीत. दुसऱ्याच्या गोतोतून कुणी पीत नाही.

माझ्या सासऱ्यांचा गोतो हिरवा होता, त्यावर लाल ठिपके होते, आणि तो एका बाजूला असा कललेला होता की त्यांच्याआधी तोच प्यायलाय असं वाटावं. त्यांच्या अंत्यविधीच्या दिवशी जेवणं झाल्यावर मी भांडी घासायला उभा राहिलो. का राहिलो, देव जाणे. जावयाने दुःखात हातभार लावावा, असं काहीतरी उदात्त मनात आलं असणार. गोतो माझ्या साबणाच्या हातातून सुटला आणि नळावर आपटला. बाहेर रडारड चालली होती. मी तुकडे गोळा केले आणि खिडकीतून कालव्यात टाकले. संध्याकाळपर्यंत सांगू, असं ठरवलं होतं.

संध्याकाळी लोरेदानाने भावाला विचारलं, "बाबांचा गोतो कुठंय?" गास्तोनेला वाटलं, हिनेच पिशवीत घातलाय आणि वर विचारतेय. हिला वाटलं, याने भट्टीवर नेलाय आणि वर साळसूदपणा करतोय. पाद्रीबाबांसमोर 'चोर' हा शब्द दोन्ही बाजूंनी निघाला. त्या क्षणी मी तोंड उघडायला हवं होतं. मी कोट शोधत होतो. त्यानंतर बहीणभाऊ एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत, आणि मी एकोणीस वर्षं या गोष्टीवर अतिशय समजूतदारपणे मान हलवत आलो.

पेटी यायच्या आदल्या दिवशी गास्तोनेचा फोन आला होता.

"कारकूनसाहेब, भट्टी विझवतोय. गॅस परवडत नाही आणि गुडघे चालत नाहीत. शेवटचा नग लोरेसाठी केलाय. जेवणाच्या टेबलावर टांगून ठेव. जुलैत रेदेन्तोरेच्या सणाच्या रविवारी दुपारी जेवायला येतो."

"तिला विचारून सांगतो."

"विचारू नकोस, सांग. आणि टांगलेला दिसला नाही, तर मी उंबऱ्यावरून परत फिरेन. एवढं कळतं मला."

मी सांगितलं. लोरेदाना कांदा चिरत होती. ती तो कांदा बराच वेळ चिरत राहिली.

"येऊ दे," ती म्हणाली. "पण तो स्वतः दारात उभा राहून घंटी वाजवत नाही, तोवर त्याने पाठवलेल्या वस्तूकडे मी बघणारसुद्धा नाही. टांगायचं तू बघ. त्या खोलीत मी पाय ठेवणार नाही."

"मग जेवायचं कुठे?"

"स्वयंपाकघरात. उभ्याने."

म्हणजे राग कायम होता. पण त्याच संध्याकाळी तिने आईचा लग्नातला टेबलक्लॉथ कपाटातून काढला आणि त्याला इस्त्री केली. दोन दिवसांनी पुन्हा केली. तिसऱ्यांदा इस्त्री करताना तिने सहज विचारावं तसं विचारलं, "सार्डीन तो अजून व्हिनेगरात मुरवलेलीच खात असेल ना रे?" हे जेवण बिघडलं तर दुसरं होणार नव्हतं. दोघंही सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे, आणि दोघांचीही ताठ मान एकाच भट्टीतून निघालेली.

पेटी मी एकटाच उघडली. गवताच्या थरातून आधी डोकं निघालं. मोठ्या भोपळ्याएवढं, आतून गुलाबी, बाहेरून जांभळं, वर पिवळी इवलीशी टोपी. एक डोळा सताड उघडा, दुसरा किलकिला. आपल्याला सगळं ठाऊक आहे पण आपण बोलणार नाही, असा एकंदर भाव. मग वर्तमानपत्रांत गुंडाळलेले पाय, प्रत्येकावर मण्यांसारख्या चोषकांची रांग आणि टोकाला वेटोळं. मग पेले. वेटोळ्यात एकेक पेला बसवायचा आणि पेल्यात दिवा. पेले म्हणजे गोतोच होते, आणि काय एकेक! एकावर गोळीच्या कागदासारखे पट्टे, एकाला कान, एक पोट सुटलेला, एकाच्या बुडातून माशाचं शेपूट बाहेर आलेलं. मी जमिनीवर बसलो आणि एकटाच हसत सुटलो. सदतीस वर्षं दाबून ठेवलेलं ते 'अहाहा' त्या दिवशी चांगलं मोठ्याने निघालं.

मग मी सवयीप्रमाणे मोजदाद केली. डोकं एक, टोपी एक, पेले आठ, पाय नऊ.

पुन्हा मोजले. नऊच. पितळी चकतीला पाय अडकवायची भोकं आठ. आठ पाय, आठ पेले, आणि हा एक उरलेला पाय, ज्याचं वेटोळं रिकामं.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. ज्या माणसाने खिडकीतून पेला फेकलाय, त्याला रिकाम्या हाताचा अर्थ फोड करून सांगावा लागत नाही. गास्तोनेला कळलं होतं. कसं, ते मला ठाऊक नाही. पण एकोणीस वर्षं विचार करून, शेवटचा नग म्हणून त्याने हा जबाब काचेत लिहून पाठवला होता. आठ हातांत आठ गोतो. नवव्यातला कुठे गेला, बोला कारकूनसाहेब! पेटीवरच्या 'ओत्तोरीनोने धरू नये'चाही आता उलगडा झाला.

नववा पाय लपवावा, तर तो आल्याआल्या विचारणार, 'नववा कुठंय?' म्हणजे माझ्या हातून गहाळ झालेली ही दुसरी वस्तू. टांगावा, तर तो जन्मभर माझ्या ताटाकडे बोट दाखवत राहणार. गास्तोनेला विचारावं तर कोणत्या तोंडाने? लोरेदानाला विचारावं तर ती बघायलाच तयार नाही. शेवटी मी ठरवलं, की पुरावा एकदा नष्ट केला तेवढं पुरे. पाय टांगायचा.

पण आमच्या इमारतीत टांगायचं म्हटलं की ते एकट्याचं काम राहत नाही. आमचं छत म्हणजे वरच्या सिन्योरा वांदांची जमीन. त्या एक्याऐंशी वर्षांच्या आहेत आणि हातोडीचा आवाज यायच्या आधीच त्यांना तो ऐकू येतो.

"तुळईत हूक मारणार? म्हणजे तो माझ्या पलंगाखालून वर येणार! मी झोपेत भोसकले जाणार, ओत्तोरीनो, आणि तुम्ही खाली दिवा लावून जेवत बसणार!"

"हूक बोटभर आहे हो. तुळई हातभर जाड आहे."

"माझ्या मोठ्या दिरालाही डॉक्टर हेच म्हणाले होते." म्हणजे काय, ते मला अजून कळलेलं नाही. मग त्या खाली आल्या, ऑक्टोपसभोवती दोन चकरा मारल्या आणि म्हणाल्या, "हा नववा कशाला? त्याच्यात गुलाब खोचा. रिकामा हात पाहिला की माणसाला वाटतं, हा काहीतरी मागतोय."

तळमजल्यावरचे वकील तुल्लिओ आमच्या इमारतीच्या मंडळाचे कारभारी. ते म्हणाले, "पायांच्या संख्येबद्दल माझी हरकत नाही. तुळई खाजगी की सामाईक, हा मुद्दा आहे." त्यासाठी सभा बोलावली गेली. सभा सव्वादोन तास चालली. त्यातले दोन तास वांदाबाईंच्या मांजराच्या वासावर गेले. उरलेल्या पंधरा मिनिटांत ठराव झाला : हूक मारण्यास मंडळाची ना नाही, मात्र ऑक्टोपसचा उजेड कालव्यावरून दिसता कामा नये, अन्यथा पर्यटकांस हे मासळीचे हॉटेल वाटून ते घंटी वाजवतील. ठरावाच्या बाजूने चार, विरोधात वांदाबाई, तटस्थ मांजर.

एवढ्याने भागत नव्हतं. तुळई निघाली तीनशे वर्षांपूर्वीची, तिच्यावर पुसट द्राक्षवेली, त्यामुळे जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या कचेरीची परवानगी हवी. मी अर्ज भरला. 'टांगावयाच्या वस्तूचे वर्णन' या रकान्यात माझ्यातला कारकून जागा झाला आणि मी वळणदार अक्षरात लिहिलं : 'काचेचा ऑक्टोपस, नग एक. पाय नऊ, पैकी नववा रिकामा.' पाच दिवसांनी अर्ज परत आला. शेरा होता : 'ऑक्टोपसला पाय आठ असतात. खुलासा करावा.'

सदतीस वर्षांत मी एकेका स्वल्पविरामासाठी किती अर्ज परत पाठवले, त्याची गणती नाही. लोक खिडकीपाशी हात जोडत आणि मी म्हणत असे, 'नियम मी केलेले नाहीत.' आता मी खिडकीच्या अलीकडे उभा होतो आणि पलीकडे एक तरुण आर्किटेक्टबाई होत्या. बाई सभ्य होत्या. मी कधी इतका सभ्य नव्हतो.

"नववा पाय कशासाठी आहे?" त्यांनी विचारलं.

"कलावंताचा हेतू आहे."

"काय हेतू?"

"तो कौटुंबिक आहे."

"बुझेत्तोसाहेब, आठ लिहा ना. आत्ता शिक्का मारते."

"पण आहेत नऊ!" मी जवळजवळ ओरडलो. खोटं एकदा करून बसलेला माणूस बारीकसारीक बाबतीत फार सच्चा होतो, असा माझा अनुभव आहे. "नऊ आहेत तर नऊच लिहिणार!"

बाईंनी माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं आणि शिक्का मारला. 'नऊ पायांसह मंजूर. पायांच्या संख्येत कचेरीच्या पूर्वपरवानगीविना बदल करू नये.'

रेदेन्तोरेला तीन दिवस उरले असताना मीर्को इलेक्ट्रिशियन आला. हूक बसला, तार बसली, आठ पाय आठ भोकांत गेले. नवव्याला भोक नाही.

"मालक, हा नको," मीर्को म्हणाला. "मी चाळीस झुंबरं टांगलीत. असला एक तुकडा बऱ्याचदा उरतो."

"उरत नाही. हा मुद्दाम आहे. परवानगी आहे त्याची." मी शिक्का दाखवला.

मीर्कोने शिक्क्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि खांदे उडवले. त्याने तो पाय तांब्याच्या तारेने टोपीला बांधून दोन डोळ्यांच्या मधून खाली सोडला. दिवे लावले. भिंतींवर जांभळ्या, पिवळ्या, हिरव्या लाटा हलायला लागल्या आणि ते पट्ट्यांचे, कानांचे, शेपटांचे पेले एकेक करून पेटले. मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो.

"नाकासारखं दिसतंय," मीर्को म्हणाला.

"दिसू दे."

"सर्दी झाल्यासारखं."

शनिवारी सकाळी मी सगळं नीट असल्याची खातरजमा करायला स्टुलावर चढलो. तिथेच थांबायचं होतं. पण माशाच्या शेपटावर धूळ दिसली म्हणून मी फडकं घेतलं, फडकं नवव्या पायाच्या तारेत अडकलं, ते सोडवायला मान वळवली आणि माझ्या टकलाचा धक्का उजवीकडच्या तिसऱ्या पायाला बसला. कट्ट. पेला मी झेलला, हे कृपया नोंदवून घ्यावं. पाय मात्र कोपरात तुटला आणि त्याचा अर्धा भाग टेबलक्लॉथवर पडला.

"काय झालं रे?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

"काही नाही!" मी म्हणालो. एकोणीस वर्षांपूर्वीही मी नेमकं हेच म्हणालो होतो.

दुपारभर मी डिंकाच्या तीन नळ्या रिकाम्या केल्या. पाय चिकटला, पण उलट्या दिशेने, त्यामुळे तो पेला डोक्यावर ओतून घेतोय असं दिसायला लागलं. सांध्यावर मी पांढरी चिकटपट्टी गुंडाळली. ती बँडेजसारखी दिसत होती, कारण ते बँडेजच होतं. घरात दुसरी पट्टी नव्हती. वरून चादर टाकली. त्या रात्री मी जे काही केलं त्याला झोप म्हणता येणार नाही.

रविवारी बारा वाजता घंटी वाजली. लोरेदानाने एप्रन काढला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. दारात गास्तोने. खांदे उतरलेले, काखेत कलिंगड. बहीणभावांनी एकमेकांच्या बुटांकडे पाहिलं.

"ओत्तोरीनो, तुझ्या बायकोला सांग, कलिंगड थंड पाण्यात ठेव म्हणावं."

"ओत्तोरीनो, त्याला सांग, आमच्याकडे फ्रीज आहे."

एकोणीस वर्षांनंतरची ही पहिली वाक्यं, आणि दोन्ही माझ्या नावावर. मी दोन्ही इकडून तिकडे पोचवली. मग तिघंही जेवणाच्या खोलीत गेलो. मी देवाचं नाव घेतलं आणि चादर ओढली.

गास्तोनेचे ओठ हलत होते. तो मोजत होता. मोजून झाल्यावर त्याने चष्मा काढला, पुसला, घातला आणि पुन्हा मोजायला सुरुवात केली. लोरेदाना बघत होती तो पट्ट्यांचा पेला, कानांचा पेला, ते शेपूट. तिचे डोळे भरून आले. मग तिची नजर मधे लोंबणाऱ्या नवव्या पायावर गेली, तिथून बँडेजवर आली, आणि तिच्या तोंडून एक चमत्कारिक आवाज निघाला.

"गास्तो," ती म्हणाली. थेट त्याला! "अरे गास्तो, याने जादाचा पाय टांगलाय!"

"नाकाला!" गास्तोने ओरडला. "लोरे, नाकाला टांगलाय!"

आणि दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून हसायला लागले. हसता हसता रडायला लागले, पुन्हा हसायला लागले. मी चादर हातात घेऊन उभा होतो.

"जादाचा म्हणजे?" मी विचारलं.

"जादाचा म्हणजे जादाचा!" गास्तोने डोळे पुसत म्हणाला. "टांगताना एक पाय फुटतोच. प्रत्येक घरात फोडणारा एक असतोच. म्हणून मुरानोतून आजवर जे जे झुंबर बाहेर गेलं, त्याच्याबरोबर एक पाय जास्त गेला. पेले एकासारखे एक नसतात, त्यांचा जादा करता येत नाही. पायाचा करतात. अरे देवमाणसा, जादाचा पाय तुझ्या डोळ्यांसमोर लोंबत होता, आणि फुटलेला तू डिंकाने चिकटवलास?"

"परवानगी नऊ पायांची होती," मी म्हणालो.

यावर ते पुन्हा पाच मिनिटं हसले. माझ्या प्रतिष्ठेचं जे व्हायचं ते झालं. पण लोरेदानाचा हात भावाच्या खांद्यावर होता, आणि मला खरंच, मनापासून बरं वाटत होतं. रिकाम्या हाताला काही अर्थ नव्हता. कुणाला काही कळलेलं नव्हतं. मी सुटलो होतो.

आम्ही जेवायला बसलो. सार्डीन वाढली गेली. गास्तोनेने पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "आईच्या हातची चव आहे, लोरे. जाऊ दे सगळं. बाबांचा गोतो तू नेलास तर नेलास. माझ्या मनात आता काही नाही."

लोरेदानाचा काटा ताटाच्या वरच थांबला.

"मी नेला?"

"म्हणजे मी म्हणतो, नेला असशील तरी—"

"मी नेला? माझ्या टेबलावर बसून, माझा मासा खाऊन, तू मला मोठ्या मनाने माफ करतोयस? भट्टीवर कुणी नेला तो?"

"मी? मी शपथेवर सांगतो—"

"त्या दिवशीही पाद्रीबाबांसमोर शपथच घेतली होतीस!"

गास्तोने खुर्ची मागे सरकवून उभा राहिला. काढून ठेवलेल्या स्वतःच्या टोपीकडे त्याचा हात गेला. आई-बापाविना पोरकी असलेली ही दोन म्हातारी माणसं लालबुंद होऊन एकमेकांकडे बघत होती, आणि वरून तो ऑक्टोपस एक डोळा किलकिला करून माझ्याकडे. कोट शोधायला आज सोय नव्हती. उन्हाळा होता.

"मी फोडला," मी म्हणालो.

"तू गप्प बस, ओत्तोरीनो," दोघं एकदम म्हणाले.

"बाबांचा गोतो. भांडी घासताना. साबणाच्या हातातून सुटला. तुकडे मी खिडकीतून कालव्यात टाकले. संध्याकाळी सांगणार होतो."

वरच्या मजल्यावर वांदाबाईंची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. त्यांना सगळं ऐकू येत होतं हे उघड होतं.

"कुठल्या संध्याकाळी?" लोरेदानाने अगदी हळू विचारलं.

गास्तोने सावकाश खाली बसला. बहिणीने भावाकडे पाहिलं, भावाने बहिणीकडे.

"एकोणीस वर्षं," गास्तोने म्हणाला. "माझ्या पोरीच्या लग्नाला तू नव्हतीस, लोरे."

"माझ्या ऑपरेशनला तू नव्हतास."

"आणि हा होता."

"दोन्हीकडे होता. लग्नात दोनदा केक खाऊन आला."

मला आरडाओरडा चालला असता. शिव्या चालल्या असत्या. मी तशी तयारीही केली होती. पण दोघांनी शांतपणे काटे उचलले आणि जेवायला लागले. मग लोरेदाना भावाला म्हणाली, "गास्तो, त्याला विचार, अजून मासा हवा का."

"लोरे, त्याला सांग, वाटी काचेची आहे. हात लावू नकोस म्हणावं."

त्या दिवसापासून आमच्या घरी फोन सारखा वाजतो. लोरेदाना आणि गास्तोने रोज सकाळी तासभर बोलतात, आणि दर गुरुवारी ती होडीने मुरानोला जाते. माझ्याशी ती बाराव्या दिवशी पहिला शब्द बोलली, तोही मोरी तुंबली म्हणून. मी तक्रार करत नाही. मधल्या एका रविवारी गास्तोने येऊन, मला खोलीबाहेर उभं करून, तुटलेल्या पायाच्या जागी जादाचा बसवून गेला. पंधरवड्याने जुन्या वास्तूंच्या कचेरीचं पत्र आलं. पाहणीत पाय आठच आढळले, मंजुरी नऊची आहे, खुलासा करावा. खुलाशाची चार पानं मी लिहून ठेवली आहेत. त्यात सगळं खरं आहे, त्यामुळे ती मंजूर होतील असं वाटत नाही.

ऑक्टोबरात एका गुरुवारी लोरेदाना मुरानोहून परतली ती एक छोटी पेटी घेऊन. टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "तुझ्यासाठी आहे. त्याने दिलीय." पेटीवर या वेळी काही लिहिलेलं नव्हतं.

"त्याची भट्टी तर बंद झाली ना?"

"शेजारच्या भट्टीवर गेला होता. त्यांच्या जेवणाच्या सुट्टीत."

मी पेटी टेबलाच्या अगदी मधोमध सरकवली आणि दोन्ही हातांनी गवत बाजूला केलं. आत गोतो होता. हिरवा, लाल ठिपक्यांचा, एका बाजूला कललेला. सासऱ्यांचा होता तसा. मी व्हेनिसचा माणूस, जन्मभर कारकून. माझ्यासाठी कुणी गोतो करावा असं माझ्या हातून आयुष्यात काहीही झालेलं नव्हतं.

"खाली अजून आहे," लोरेदाना म्हणाली.

गवताखाली आणखी एक होता. तोच हिरवा, तेवढेच ठिपके, तेवढाच कललेला. मुरानोत एकासारखा दुसरा गोतो कुणी करत नाही. गास्तोनेने केला होता; एक माझ्यासाठी, आणि एक मी तो फोडल्यानंतर माझ्यासाठी.